मदत हवी आहे: बाइंडमध्ये कीट्रॅपचा पॅच आहे, पण ऑडिटला पटवायचं कसं?

नमस्कार मंडळी. रेड हॅट लिनक्स ८ वर बाइंड या डीएनएस सर्व्हरची ९.११.३६ आवृत्ती आहे, फक्त ऑफिसातल्या लोकांसाठी रिझॉल्व्हर (डोमेन नावांचे पत्ते शोधून देणारा). बाहेरून डीएनएसचा पोर्ट ५३ बंद. ऑडिटवाल्यांच्या स्कॅनरने कीट्रॅप ही सुरक्षा-त्रुटी (क्रमांक सीव्हीई-२०२३-५०३८७) आहे म्हणून लाल शेरा मारलाय. आतल्या कुणी खोडसाळ डोमेन उघडलं तरी डीएनएससेकच्या (डीएनएसची उत्तरं खरी आहेत का ते सह्यांवरून तपासायची पद्धत) किल्ल्या आणि सह्या जुळवण्यात सीपीयू अडकू शकतो, त्यामुळे 'बाहेरून बंद आहे' हे उत्तर चालणार नाही, मान्य.

मूळ दुरुस्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये ९.१६.४८ आणि ९.१८.२४ मध्ये आली. आमच्याकडे ती जुन्याच आवृत्तीत मागून बसवलेली. आरपीएम पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) हा सीव्हीई क्रमांक स्वच्छ दिसतो. पण स्कॅनर नुसता आवृत्तीचा आकडा वाचतो.

पॅकेज अपडेट केलं, रात्री नेम्ड (बाइंडची प्रोसेस) रीस्टार्ट केला. आवृत्ती लपवूनही पाहिली, तर त्यांचा संशय उलट वाढला! डीएनएससेकचं व्हॅलिडेशन (सह्यांची तपासणी) बंद करायला परवानगी नाही, आणि ओएस मार्चपर्यंत बदलता येणार नाही.

पॅकेजमध्येच नव्हे, चालू प्रोसेसमध्येही पॅच आहे हे, लाइव्ह सर्व्हरवर हल्ला न करता, ऑडिटला मान्य होईल असं तुम्ही कसं दाखवलंत?