आईच्या आतड्याला फिस्टुला झालाय, बॅग टिकत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. आईचं (वय 58) आतडं चिकटून अडकलं होतं, म्हणून पाच आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी पट्टीवर हिरवट-पिवळा डाग दिसला. आम्हाला पू वाटला, निघाला आतड्यातला रस.

नात्यात सगळ्यांना फिस्टुला म्हणजे भगंदर एवढंच माहीत. मावशीचा रोज फोन, "अगं, क्षारसूत्र करून घे नं तिचं!" (क्षारसूत्र म्हणजे भगंदरात बांधतात तो औषधी दोरा.) भगंदर गुदद्वाराजवळ असतो. आईचं आतडं पोटाच्या कातडीवर उघडलंय, तिथे सूत्र बांधत नाहीत, हे सांगून मी थकले.

डॉक्टर म्हणाले, असे बहुतेक फिस्टुला ऑपरेशननंतरच होतात. क्षय, क्रोन्स (आतड्याला सतत सूज येणारा आजार), कॅन्सर, रेडिएशन हीही कारणं असतात, पण आईला यातलं काही नाही. दिवसाला 500 मिलीच्या वर गेलं की स्राव जास्त धरतात. आईचा 700 होता, आता 350 वर आलाय. आत पू साचलेला नाही, पुढे आतडं अडकलेलं नाही, त्यामुळे आपोआप बुजायची आशा आहे. नाहीच बुजला तर ऑपरेशन, पण आतली सूज आणि चिकटलेपणा कमी व्हायला काही महिने द्यायचे. तोवर तिचं वजन वाढवायचं. हे सगळं पटतं.

अडचण बॅगची आहे, म्हणजे स्राव गोळा करायला पोटावरच्या भोकाभोवती चिकटवतात त्या पिशवीची. या उन्हात घामाने ती रात्री दोनला सुटते. आई हाकही मारत नाही, टॉवेल दाबून पडून राहते. सकाळी भोवतालची कातडी लालभडक, भाजल्यासारखी झालेली असते. झिंक ऑक्साइडचं मलम लावतो. शिवाय तिला सारखी तहान लागते आणि पाणी प्यायलं की बॅग भरते. कोणी घरी हे सांभाळलंय का?

प्रतिसाद: ताई, सासऱ्यांचं चार महिने केलंय. मलमाच्या तेलकटपणावर बॅग चिकटतच नाही. कोमट पाण्याने धुऊन कातडी पूर्ण कोरडी करा. पारदर्शक प्लास्टिकवर जखमेचा आकार गिरवून बॅगेचं भोक जेमतेम तेवढंच कापा. खाचखळगे स्टोमा पेस्टने (अशा बॅगांसाठीच मिळते ती) भरा, ओल्या लाल जागी स्टोमा पावडर टाका. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनानेच सुटते ती. साध्या पाण्याऐवजी ओआरएस घोट घोट द्यायचं का, ते डॉक्टरांना विचारा. लघवी कमी झाली किंवा थंडी वाजून ताप आला तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

धागाकर्ती: खूप आभार! मलमामुळेच सुटत असेल हे डोक्यातच आलं नाही. आजच बंद करते. पावडर टाकल्यावर जास्तीची झटकून काढायची, की तशीच ठेवून वर बॅग लावायची?