ट्रॅकिंगपेक्षा प्रीसेट बरे

ऑनलाइन शिकवण्यासाठी वर्गात लावलेल्या फिरत्या कॅमेऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय की, ऑटो-ट्रॅकिंग (शिकवणाऱ्यामागे आपोआप वळणं) चालू केलं की तो सरांना सोडून दारातून येणाऱ्या मुलांमागे फिरतो. आमच्या वर्गातही हेच झालं. शेवटी ट्रॅकिंग बंद करून तीन प्रीसेट, म्हणजे कॅमेऱ्यात आधीच साठवलेल्या जागा, लावले: पूर्ण फळा, फळ्याचा डावा अर्धा आणि प्रयोगाचं टेबल. आमच्या बाई शिकवता शिकवता रिमोटवर १, २, ३ दाबतात, कॅमेरा वळतो. घरी बसलेल्या मुलाला 'क्ष' वर लिहिलेला वर्गाचा छोटा २ नीट वाचता यायला हवा, बाकी सगळं नंतर. प्रीसेट ठरवताना फळ्यावर रोजच्याच अक्षरात लिहा आणि मोबाइलवर बघा.

चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर मेनूत ६० हर्ट्झ आहे का पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिथे ५० करा आणि शटर १/५० सेकंद ठेवा.

लांब यूएसबी केबल ओढू नका, तीनेक मीटरनंतर ती दगा देते. पीओई (लॅन केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा असेल तर एकाच लॅन केबलमधून वीज, चित्र आणि कंट्रोल, तेही १०० मीटरपर्यंत.

आणि कॅमेऱ्यातल्या माइकवर अजिबात विसंबू नका, त्यात पंखाच जास्त ऐकू येतो. बाईंना कॉलर माइक द्याच.