‘आलो’ की ‘आले’? बोलणं उतरवताना माझाच हात आडवा आला

मेथीची_पेंडी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, पण थोडक्यात सांगायला गेलं तर कळणार नाही.

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी कपिलतीर्थ मंडईतल्या भाजीवाल्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड केलंय. एकूण सहा तास. आमच्या शेजारच्या आत्या तिथं बसतात, म्हणून मला बसायला पोतं मिळालं आणि चहाही. विषय असा, की कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी जातो, मी करतो’ म्हणतात, ते कुणापुढं म्हणतात आणि कुणापुढं नाही. घरात मीही तसंच बोलतो. इथं लिहिताना मात्र ‘बोलते’ लिहीन, सवयच तशी लागलीय. शिकायला बाहेरगावी होते तेव्हा खोलीतल्या मुलींनी यावरनं पहिल्याच दिवशी माझी टोपी उडवली होती. विषय तिथंच सुचला.

उतरवून काढायला अडीच महिने गेले. मग सगळी फाईल अँटकॉन्कमध्ये (मजकुरातले शब्द शोधून मोजायची प्रणाली) टाकून ‘आलो’ शोधलं. बायकांच्या तोंडी फक्त तीन वेळा! ‘आले’ मात्र पानभर. वाटलं, वा, काहीतरी हाताला लागलं. मंडईत गिऱ्हाईक समोर असलं की बायका प्रमाण मराठीकडं झुकतात. या भरात प्रकरणाची दोन पानं लिहूनही काढली.

परवा एक शब्द नीट लागत नव्हता म्हणून मूळ आवाज परत लावला. पेंड्या बांधता बांधता आत्यांची सून शेजारणीला म्हणते, “थांब गं, गाडी लावून आलो.” फाईलमध्ये काय? “थांब गं, गाडी लावून आले.” पुढचं ऐकलं, तिथंही तेच. तासभर ऐकत बसले आणि हातापायातलं बळच गेलं. मशीननं नाही, मी स्वतः टाईप केलंय ते. कान ‘आलो’ ऐकत होता आणि बोटं शाळेतल्या बाईंची होती.

तर आता सगळं परत उतरवू का? आणि ‘जेवालोय’, ‘काय करालैस’ हे लिहायचं कसं? मी सरसकट ‘जेवतेय’, ‘काय करतेस’ करून टाकलंय. शिवाय अँटकॉन्क काही शब्द मधेच तोडतंय, ते वेगळंच.

टाचणी

बोलींच्या एका प्रकल्पात मी काही वर्षं हेच काम केलंय, त्यामुळं हसलो नाही. आमच्यातल्या प्रत्येकाच्या हातून हे झालंय. उतरवणं ही कारकुनी आहे असं समजून आपण बसतो, आणि निम्मे निर्णय तिथंच होऊन जातात.

परत उतरवावं लागेल. पण सहा तास पहिल्यापासून नाही. ईलान नावाची मोफत प्रणाली घ्या, नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेची. आवाजाच्या पट्टीखाली पाहिजे तेवढ्या ओळी लावता येतात. वरच्या ओळीत तोंडातनं निघालं तसं, खालच्या ओळीत प्रमाण रूप. तुमची आत्ताची फाईल ती खालची ओळ झाली, म्हणजे अडीच महिने पाण्यात गेले नाहीत. आता आवाज ऐकत फक्त वरची ओळ भरायची. ‘जेवालोय’ वर, ‘जेवतेय’ खाली. शोध दोन्हीकडं घेता येतो, आणि प्रत्येक तुकडा आवाजाला बांधलेला असल्यामुळं शंका आली की तिथंच क्लिक करून ऐकता येतं.

‘करालैस’ मुळात ‘करायला लागलायस’चा आवळलेला अवतार, असं मानतात. कुणी ‘करालास’ म्हणेल, कुणी ‘करालैस’. आधी पानभर नियम लिहून काढा, कुठला आवाज कसा लिहायचा त्याचे, आणि मरेपर्यंत तेच पाळा. खालची ओळ नसेल तर घोळ बघा: ‘कराल’ शोधलं की ‘तुम्ही काय कराल’मधला भविष्यकाळ आणि ‘काय करालास’मधला चालू काळ एकाच ढिगात येतात.

आणखी एक विचारतो. स्वल्पविराम कुठं दिलेत? लिहिताना देतो तिथं दिले असतील तर ‘की’चं वाटोळं झालंय. ‘ये की’, ‘घे की दोन पेंड्या’ यातला ‘की’ आणि ‘म्हणाली की भाव उतरला’ यातला ‘की’ कागदावर सारखेच दिसतात. बोलण्यात पहिल्यानंतर आवाज टेकतो, दुसऱ्यात पुढं धावतो. तेव्हा विरामाला वेगळी खूण करा आणि स्वल्पविराम काढून टाका. बोललेल्या इंग्रजीच्या लंडन-लुंड संग्रहात ५ लाख शब्द आहेत, त्यांना सुराचे चढउतार आणि विराम माणसांनी कानानं ऐकून लावलेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये (कॉर्पस म्हणजे अभ्यासासाठी गोळा केलेला भाषेचा संग्रह) १० कोटी शब्द, पण त्यात बोललेले जेमतेम १ कोटी. छापील मजकूर गोळा करता येतो, बोलणं मात्र कुणीतरी बसून उतरवावंच लागतं.

शब्द तुटतात त्याला कारण सेटिंग. शब्दात कुठली चिन्हं धरायची ते बघा. नुसती अक्षरं धरली असतील तर मात्रा, वेलांटी, अनुस्वारापाशी शब्द फुटतो. तिथं ‘मार्क’ हा गटही निवडा.

सातवी_गल्ली

ताई, एवढं कशाला रक्त आटवताय? मोबाईलला आवाज ऐकवा, पाच मिनिटात मराठी टाईप होऊन येतंय. आमच्या दुकानाचे सगळे मेसेज मी तसंच करालोय.

मेथीची_पेंडी

भावा, ते पहिल्या आठवड्यातच करून बघितलंय. ‘आत्ता जेवालोय’चं त्यानं ‘आत्ता जेवलोय’ केलं. म्हणजे बाईचं ताट अजून पुढ्यात आहे आणि मोबाईलनं तिला हात धुवायला लावलं. ‘व्हय’, ‘आं’, ‘न्हवं’ तर गाळूनच टाकलं. मला नेमकं तेच पाहिजे.

सातवी_गल्ली

हे मात्र खरं. नाद सोडला.

जुना_वर्ग

निवृत्त इंग्रजीचा शिक्षक आहे, त्यामुळे थोडं विषयांतर सहन करा.

भाषेचे असे संग्रह करून अभ्यासण्याच्या या शास्त्रात आपल्या गावाचं नाव फार आधीपासून आहे. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा संग्रह केला, तो जगभर ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखला जातो. १९७८ साली छापलेला मजकूर, साधारण २००० शब्दांचा एक, असे ५०० नमुने. म्हणजे १० लाख शब्द. अमेरिकेच्या ब्राउन कॉर्पसचा आराखडा समोर ठेवून केलेला. परदेशातल्या निबंधांत ‘कोल्हापूर’ हा शब्द वाचला की आमच्या पिढीला छाती फुगवायला तेवढं पुरायचं.

पण तो सगळा छापील. तिथे जुळाऱ्याने, संपादकाने, मुद्रितशोधकाने आधीच हात फिरवलेला असतो आणि तो हात हाच त्या भाषेचा भाग असतो. पुढे आंतरराष्ट्रीय इंग्रजी कॉर्पसचा भारतीय भाग झाला, त्यात ५०० पैकी ३०० नमुने बोललेले. गाडी बोलण्याकडे वळली ती अशी. तुमच्या कामात मुद्रितशोधक नको होता, तो तुमच्या बोटांत बसला.

मराठीपुरतं बोलायचं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेलं बोलींचं सर्वेक्षण बघाच. ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. कोल्हापूरकडची ऐका आणि त्यांनी ती कशी लिहून काढलीत ते ताडून पाहा.

एक शंका. रेकॉर्डर समोर असताना बायका ‘आलो’ म्हणतात ते खरं की भिडेखातर? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लबोव्हने यालाच निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलंय: कोणी बघत नसताना माणसं कशी बोलतात ते हवं, आणि ते मिळवायचं बघूनच.

मेथीची_पेंडी

सगळ्यांचे आभार. पहिल्या तासातली वीस मिनिटं ईलानमध्ये नव्यानं केली. डोळे फुटायची पाळी आली, पण जे दिसलं ते सांगते.

सरांच्या शंकेचं उत्तर त्या वीस मिनिटांतच आहे. आत्या माझ्याशी मुद्दाम बोलतात तेव्हा ‘मी पहाटे चारला उठते’. तेवढ्यात फोन वाजतो आणि फोनवर लेकीला, ‘आगं आत्ताच आलो, माल उतरून घेतो की.’ फोन ठेवला की परत मला, ‘हां, तर काय सांगत होते.’ एकच बाई, मधे फोनचं एक बटण! आणि सून शेजारणीशी सतत ‘आलो’, पण चष्मेवाल्या साहेबांना सुट्टे देताना ‘देते हं’.

पण आत्या बोलायला दणकट. वीस मिनिटांतले निम्म्याहून जास्त शब्द त्यांचेच असतील. त्यांच्या एकटीच्या ‘आलो’वर मी साऱ्या मंडईचं गणित मांडत नाही ना, ही धास्ती आहे.

टाचणी

बरोबर धास्ती आहे. दर बाईचा आकडा वेगळा काढा, तोही हजार शब्दांमागे. पाच जणींकडे थोडा थोडा ‘आलो’ आणि एकीकडेच ढीगभर ‘आलो’ यांची बेरीज सारखी येऊ शकते, अर्थ सारखा नसतो. फोनवरचं आणि तुमच्याशी बोललेलं यांना वेगळी खूण करा, तुमचं प्रकरण तिथंच आहे. पलीकडच्या लेकीचा आवाज ऐकू येत असेल तर तो उतरवू नका, तिची परवानगी नाही. नावं आली तिथं तेवढ्याच अक्षरांची दुसरी नावं घाला.

मेथीची_पेंडी

शेवटचं विचारते. रेकॉर्डिंगमध्ये मीही बोललेय. आत्यांच्या सुनेला एका ठिकाणी ‘मी येतो जरा जाऊन’ म्हटलंय, आणि मला ते आठवतसुद्धा नाही. ते मोजायचं की गाळायचं?

टाचणी

गाळू नका. तुम्हाला वेगळा कोड द्या आणि एकूण बेरजेत धरू नका. त्या सुनेशी तुम्ही जिथं जिथं बोललात तिथं पुढच्या वाक्यात ती काय वापरते, ते आधी बघा.