पुणे विद्यापीठाच्या लेखातली यादी वगळली ते बरोबरच होतं

गणेशखिंडकर
परवा इथे एकीने लिहिलं, "मराठी विकिपीडियावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या लेखात आम्ही मिळून रात्रभर खपून माजी विद्यार्थ्यांची यादी टाकली, सकाळी एकाने ती उडवली. अशांमुळेच मराठीत कुणी लिहीत नाही." उडवणारा मी. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

यादीत लोकमान्य टिळक होते. विश्वेश्वरय्याही होते. दोघे पुण्यात शिकले, मान्य. पण पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८चा, ते सुरू झालं १९४९ला, आणि टिळक गेले १९२० साली. त्या काळी डेक्कन, फर्ग्युसन, इंजिनिअरिंग कॉलेज, सगळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली. पदवी द्यायची ती मुंबई. आपल्या लेखावरून शाळेतली पोरं प्रकल्प लिहितात, त्यांच्या वहीत हे जाणार.

शिवाय "विभाग" या मथळ्याखाली आयुका! आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था, विद्यापीठाच्या आवारात आहे, पण ती स्वायत्त संस्था आहे. विद्यापीठाचा विभाग नाही. आवारात आहे ते सगळं विद्यापीठाचं, असं धरून लिहायचं नसतं.

मीरा सदाशिव पेठ
ती "एकीने" म्हणजे मी. आम्ही चौघी जणी होतो. एक नावं काढत होती, एक जुने गौरवग्रंथ चाळत होती, दोघी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या कच्च्या पानावर, मजकूर लावत होत्या. चार नावं चुकली असतील तर चार काढा, बाकीच्यांना "संदर्भ हवा" लावा. तुम्ही अख्खी यादीच उडवलीत आणि बदलाच्या सारांशात लिहिलंत "असंबद्ध भर". आमच्यातल्या एकीने त्यानंतर लॉगिन केलेलं नाही. तिला मी काय सांगू?

गणेशखिंडकर
लेखाच्या चर्चापानावर आधी लिहिलं होतं मी.

मीरा सदाशिव पेठ
रात्री अकराला लिहिलंत आणि सकाळी सहाला वगळलंत! याला चर्चा म्हणतात?

खानदेशी ८७
यादीवरून काय भांडताय? त्याच आठवड्यात कार्यक्षेत्राचा परिच्छेद छाटला गेला, त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. आता लेखात एकच ओळ आहे, "पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे जिल्हे". झालं? सुरुवातीला या विद्यापीठाकडे बारा जिल्हे होते. १९६२ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, तिकडचे जिल्हे गेले, पाच उरले. त्या पाचांत आमचे धुळे आणि जळगाव होते, थेट १९९० पर्यंत. मग ते जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे गेले. मी ८७ला धुळ्यातून बीएस्सी झालो. पदवी घरात भिंतीवर आहे, त्यावर पुणे विद्यापीठाचं नाव आणि शिक्का आहे. वडिलांनी ती चौकट जळगावहून करून आणली होती. आणि तुमच्या लेखात आम्ही नाहीच.

कोथरूडकर
दादा, तो इतिहास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या लेखात शोभेल. इथे लेख फुगवायचा कशाला?

खानदेशी ८७
शोभेल? ते विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९०चं. मी पदवी घेतली तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं. टिळकांना मुंबईचे म्हणायचं, कारण पदवी मुंबईने दिली. मग मला पुण्याने दिली ना? पुण्याच्या माणसाला एक नियम आणि धुळ्याच्या माणसाला दुसरा, असं चालणार नाही.

कोथरूडकर
भिंतीवरची पदवी संदर्भ म्हणून चालत नाही, एवढं तरी ठाऊक असेल. त्याला विकिपीडियावर मूळ संशोधन म्हणतात, म्हणजे कुठे छापून न आलेली स्वतःची माहिती.

खानदेशी ८७
माझी पदवी लेखात टाका असं मी कुठे म्हटलं? नीट वाचत जा! आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. पुण्याचं नाव होतं म्हणून वडिलांनी गावात पेढे वाटले. खानदेशातल्या हजारो घरांत ही गोष्ट आहे, आणि तुम्ही ती "फुगवटा" म्हणून कापता.

नाशिकची शर्वरी
आवाज खाली आणा दोघांनीही. पण खानदेशीदादांचा मुद्दा पक्का आहे. कार्यक्षेत्र कसं घटत गेलं हे कळल्याशिवाय या विद्यापीठाचा इतिहासच कळत नाही. पहिले कुलगुरू बॅ. जयकरांवर चार ओळी आहेत, इमारतीवर तीन परिच्छेद आहेत. जिथली मुलं शिकली त्या जिल्ह्यांवर एक ओळ?

गणेशखिंडकर
परिच्छेद मी छाटला नव्हता, पानाचा इतिहास बघा. तरी सांगतो, पदवी कुणी दिली हा माझाच निकष आहे आणि तो धुळ्यालाही लागू होतो. तेवढं मान्य. कायद्याचा किंवा राजपत्राचा संदर्भ कुणी दिला तर परिच्छेद मी स्वतः परत लावीन. यादीबद्दल मात्र मत तेच. १९४९च्या आधीचं एकही नाव नको, आणि प्रत्येक नावापुढे पदवीचं साल व छापील संदर्भ हवा. गौरवग्रंथ एकटा पुरणार नाही, त्यात कौतुक जास्त असतं.

मीरा सदाशिव पेठ
गौरवग्रंथात साल आणि महाविद्यालय छापलेलं असतं. कौतुक बाजूला ठेवून तेवढं उचलता येतं, आम्ही तेच केलं होतं. टिळक आणि विश्वेश्वरय्या काढते. उरलेली नावं संदर्भासकट पुन्हा लावणार आहे.

खानदेशी ८७
राजपत्र मी जळगावला ग्रंथालयात बघतो. कोथरूडकरांनी तोवर त्या परिच्छेदाला हात लावू नये.

मीरा सदाशिव पेठ
आणि गणेशखिंडकर, यापुढे काहीही वगळण्याआधी आठ दिवस थांबायचं. हे इथे नको, लेखाच्या चर्चापानावर सहीनिशी लिहा.