मदत हवी आहे : बंद केलेल्या खेपेवर वजन येत राहतं, वीक पॉइंटर नेमका कुठं लावू?

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सध्या माझ्याकडं आलंय. मूळ कोड आधीच्या माणसाचा, सी प्लस प्लस आणि क्यूट (खिडक्या, बटणं वगैरे करायची लायब्ररी) यांतला, विंडोजवर चालतो. हंगाम सुरू आहे आणि काटा रात्रीही बंद नसतो, म्हणून जरा घाई आहे.

रचना अशी आहे. काटे दोन, पीसी एक. मोठ्या काट्यावर ट्रक आणि ट्रॅक्टर, लहानावर बैलगाड्या. प्रत्येक काट्याच्या इंडिकेटरकडून आरएस-२३२ केबलनं वजन येतं आणि ते वाचायला ‘काटावाचक’ हा क्लास, स्वतंत्र थ्रेडवर (बाकी प्रोग्रॅमच्या बरोबरीनं वेगळा चालणारा प्रवाह). गाडी आली की ऑपरेटर खिडकी उघडतो, ‘खेप’ नावाचं ऑब्जेक्ट तयार होतं (गाडी नंबर, टोळी, शेतकऱ्याचा कोड, वजनं) आणि ती खेप त्या काट्याच्या वाचकाकडं स्वतःची नोंद करते. ही नोंद म्हणजे रॉ पॉइंटरचा व्हेक्टर, नुसत्या मेमरी-पत्त्यांची यादी. ऑपरेटरनं खेप रद्द केली की ऑब्जेक्ट डिलीट होतं, व्हेक्टरमधला पॉइंटर मात्र तिथंच.

क्रॅश झाला असता तर परवडलं असतं. परवा एका बैलगाडीच्या पावतीवर २४ टन छापून आले! मोठ्या काट्यावरची खेप रद्द झाली, तिची मेमरी मोकळी झाली आणि लगेच उघडलेली बैलगाडीची खेप नेमकी त्याच पत्त्यावर बसली. मोठ्या काट्याचा वाचक जुन्याच पत्त्यावर वजन पाठवत होता, ते हिच्यात पडलं. बैलगाडी होती म्हणून लक्षात तरी आलं. दोन्ही काट्यांवर ट्रॅक्टर असते तर कुणाला कळलंच नसतं. आणि वजन कमी दिसलं असतं तर ‘काटा मारला’ म्हणून गेटवर काय झालं असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको.

मी आधी सगळीकडं शेअर्ड पॉइंटर केले (असा एक जरी उरला तरी ऑब्जेक्ट मरत नाही). भलतं वजन थांबलं, पण आता खेप मरतच नाही: रद्द केली तरी वाचकाच्या यादीत जिवंत, शिवाय खिडकी आणि खेप एकमेकांना धरून बसलेल्या. मग यादीत वीक पॉइंटर (ऑब्जेक्ट दाखवणारे, पण जिवंत न ठेवणारे) घातले, तर खेपेच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारं फंक्शन) ‘शेअर्ड फ्रॉम धिस’, म्हणजे स्वतःवरचाच शेअर्ड पॉइंटर, मागितल्यावर ‘बॅड वीक पॉइंटर’ म्हणून एक्सेप्शन येतंय. आणि वजन पाठवताना आधी वीक पॉइंटरला ‘एक्स्पायर्ड’ (खेप मेली का) विचारून मग पाठवायचं, हे बरोबर आहे का? कंपायलर सी प्लस प्लस १७ पर्यंतचा आहे.

शून्यापासून : एक्सेप्शन येणारच. कन्स्ट्रक्टर चालू असताना त्या ऑब्जेक्टवर अजून कुठलाच शेअर्ड पॉइंटर बसलेला नसतो, मग वीक कशावरून काढणार? कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करा, एक स्टॅटिक ‘उघडा’ फंक्शन लिहा. त्यात आधी ‘मेक शेअर्ड’नं शेअर्ड पॉइंटरसकट खेप तयार करा, मग नोंदणी. (प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर ‘मेक शेअर्ड’ला दिसत नाही, त्यासाठी पास-की, म्हणजे फक्त त्या क्लासलाच बनवता येणारा एक पॅरामीटर, लागेल.)

‘एक्स्पायर्ड’ विसरा. तुमच्याकडं दोन थ्रेड आहेत. ‘जिवंत आहे’ असं उत्तर मिळालं आणि पुढच्याच क्षणी ऑपरेटरनं रद्द दाबलं, तर त्या उत्तराला काय अर्थ राहिला? थेट ‘लॉक’ करा, म्हणजे वीकवरून शेअर्ड पॉइंटर मागा. रिकामा शेअर्ड पॉइंटर आला तर नोंद काढून टाका. भरलेला आला तर तुमचं काम होईपर्यंत खेप मरत नाही. विचारणं आणि धरणं एकाच अखंड क्रियेत होतं, वीक पॉइंटरचा सगळा फायदा तिथंच आहे.

विश्रामबाग : जे झालं ते मार्केट यार्डातल्या गाळ्यासारखं आहे. हळदीची पेढी गाळा सोडून गेली, तिथं बेदाणेवाला आला आणि तुम्ही जुन्या पत्त्यावर पोती टाकताय. पण मला एवढा खटाटोप पटत नाही. खेपेच्या डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट मरताना चालणारं फंक्शन) वाचकाच्या यादीतलं नाव काढून टाका की, रॉ पॉइंटरवरच भागेल.

शून्यापासून : एकाच थ्रेडवर भागलं असतं. इथं डिस्ट्रक्टर सुरू होतो तेव्हा वाचक त्याच खेपेच्या कॉलबॅकमध्ये (वजन द्यायला तो बोलावतो ते फंक्शन) आत असू शकतो. आणि खेपेला उपक्लास असेल, तर बेसच्या डिस्ट्रक्टरमधून नाव काढेपर्यंत उपक्लासचा भाग गेलेला असतो.

काठावरचा : वीक कुठं लावू, हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवा, खेपेचा मालक कोण? खिडकी नक्कीच नाही. भरलेलं वजन झालं की खिडकी बंद होते, गाडी गव्हाणीकडं जाते आणि ऊस उतरवून मोकळ्या वजनाला परत येईपर्यंत खेप जिवंत हवी. एक ‘खेपवही’ करा, शेअर्ड पॉइंटर फक्त तिच्यात. रद्द झाली किंवा पावती छापली की वहीतून काढायची. वाचकाकडं वीक, खिडकीकडंही वीक. खेपेला खिडकीची ओळखच नको, ती नुसता सिग्नल सोडेल. म्हणजे ते चक्र आपोआप तुटतं.

खिडकी मात्र शेअर्ड पॉइंटरमध्ये घालू नका. क्यूटमध्ये पालक विजेट (खिडकी किंवा तिचा भाग) मुलांना स्वतः डिलीट करतो, दोन मालक झाले की दोनदा डिलीट. क्यूटचा स्वतःचा क्यूपॉइंटर चालेल, पण फक्त मुख्य थ्रेडवर. तो आपोआप नल होतो हे खरं, पण ‘लॉक’सारखं धरून ठेवत नाही.

धागाकर्ता : खेपवही पटली. रात्री तसं करून बघितलं, रद्द केलेली खेप आता खरंच मरतेय. वाचकात म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) धरून यादीवर फिरतो, वीक पॉइंटर लॉक करतो, वजन देतो. पण एकदा डेटाबेसची तक्रार आली : कनेक्शन दुसऱ्या थ्रेडवरून वापरलं. मी तर वाचकातून डेटाबेसला हातही लावत नाही.

शून्यापासून : खेपेच्या डिस्ट्रक्टरमध्ये काही लिहिता का? ‘रद्द’ची नोंद वगैरे?

धागाकर्ता : हो, तिथंच लिहिली जाते. जुन्याच कोडमधली आहे.

शून्यापासून : मग तेच. वाचकानं लॉक केलं, तेवढ्यात वहीनं खेप सोडली, आता शेवटचा शेअर्ड पॉइंटर वाचकाच्या हातात. तो सुटला की डिस्ट्रक्टर वाचकाच्याच थ्रेडवर चालतो, आणि क्यूटचं डेटाबेस कनेक्शन ज्या थ्रेडवर उघडलं तिथंच वापरायचं असतं. नोंद डिस्ट्रक्टरमधून काढा, वहीच्या ‘रद्द’ फंक्शनमध्ये लिहा. आणि म्युटेक्स धरून वजन देऊ नका. लॉक झालेल्या खेपा एका लोकल व्हेक्टरमध्ये घ्या, म्युटेक्स सोडा, मग द्या. नाहीतर कॉलबॅकमधून कुणी यादीला हात लावला की अडकलात. खेपेच्या आतल्या वजनाला वेगळं संरक्षण लागेलच. शेअर्ड पॉइंटरचा मोजणी-आकडा थ्रेड-सुरक्षित असतो, आतलं ऑब्जेक्ट नाही.

मेलेल्या नोंदीही तिथल्या तिथं साफ करा. ‘मेक शेअर्ड’नं ऑब्जेक्ट आणि कंट्रोल ब्लॉक (मोजणी-आकडा असतो ती जागा) एकाच तुकड्यात येतात, त्यामुळं डिस्ट्रक्टर चालला तरी शेवटचा वीक पॉइंटर जाईपर्यंत मेमरी परत मिळत नाही.

काठावरचा : कारखान्यावर टाकायच्या आधी ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून घरी चालवा, व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.९ पासून आहे. मोकळी केलेली मेमरी तो काही काळ कुणाला देत नाही, त्यामुळं जुना पॉइंटर दुसऱ्या खेपेत न घुसता जागीच पकडला जातो. कुठं वापरला, कुठं डिलीट झाला, कुठं तयार झाला, तिन्ही स्टॅक (फंक्शन कॉलची साखळी) दाखवतो. प्रोग्रॅम साधारण दुप्पट हळू होतो, म्हणून काट्यावर नको. लॅम्बडामध्ये (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) उघडा ‘धिस’, म्हणजे ऑब्जेक्टचा स्वतःचा रॉ पॉइंटर, पकडलेला कुठं राहिला असेल तर तोही यात सापडेल.

धागाकर्ता : सापडले, दोन होते. दोन्हीकडं ‘वीक फ्रॉम धिस’ पकडून आत लॉक केलं. इंडिकेटरच्या जागी खोटी वजनं सोडणारा छोटा प्रोग्रॅम लावून रद्द-उघड, रद्द-उघड चालवतोय, अजून तरी शांत आहे. आता फक्त मोठ्या काट्याचा ऑपरेटर चहाला जाईपर्यंत थांबायचं, मग नवी आवृत्ती टाकतो.