रपट्यावरून पाणी असताना ड्युटीवर कसं पोहोचायचं?

सिस्टर_समुद्रपूर

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स आहे. राहते हिंगणघाटला, उपकेंद्र समुद्रपूर तालुक्यात आतल्या गावी. पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) लसीचा डबा घ्यायचा आणि गावाअलीकडचा नाला ओलांडायचा, तिथे सगळं अडते. पूल नाही, रपटा आहे, म्हणजे नळ्यांवरून नेलेला ठेंगणा रस्ता.

आज घरून निघाली तेव्हा भुरभुर होती. जाम गाव येईपर्यंत असा पाऊस की ट्रकमागे राहिलं तर त्याच्या चाकाचं पाणी थेट तोंडावर, आणि पुढे काढायची हिंमत होत नाही. रेनकोट असून बाह्यांतून कोपरापर्यंत ओली. रपट्याशी पोहोचली तर पाऊस थांबलेला, पण पाणी चढूनच राहिलं होतं, वर कुठं जोरात पडला असेल. काठाचे पांढरे दगड दिसत नव्हते. पलीकडे आशाताई छत्री घेऊन उभी, मागे अंगणवाडीच्या ओट्यावर लेकरं घेऊन बाया. मी आणि डबा इकडे.

दुसरी वाट पांदणीची, शेतांमधून जाणारी, सगळी काळी माती. मडगार्डात चिखल भरून स्कूटीचं चाकच फिरत नाही. काडीने कोरून काढला की चार हातांवर पुन्हा तेच.

एक ट्रॅक्टरवाले भाऊ म्हणाले, "बसा सिस्टर, काढून देतो." मी नाही बसली. पण त्या बाया सोयाबीनचं निंदण सोडून, मजुरी बुडवून आल्या होत्या. त्यांना परत पाठवणं फार जिवाला लागते. अशा दिवशी तुम्ही काय करता? आणि डब्यातली लस किती वेळ भरवशाची धरायची?

धुऱ्यावरचा_माणूस

ताई, ट्रॅक्टरवर नाही बसल्या हे लय चांगलं केलं. २०२१ च्या सप्टेंबरात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली, माणसं गेली. गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे का खचला, ते वरून कोणालेच दिसत नाही. पाणी उतरलं तरी आधी गावातला माणूस काठीनं चाचपून येऊ द्या.

पांदणीनं जायचं तर गाडी डांबरावरच ठेवा. मधातून चालू नका, धुऱ्यानं म्हणजे बांधानं चाला, गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात. गमबूट नको, तो रुतून बसते अन् पाय तेवढा बाहेर येते. मागून पट्ट्याची प्लास्टिकची सँडल बरी. हातात काठी पाहिजेच, गवतात जनावर असते.

त्याहून सोपं, गावातून बैलबंडी बोलवा. रान ओलं, वाफसा नसला की डवरणी बंद, बैल गोठ्यातच असतात. आशाताईनं एक फोन केला तर कोणीही बंडी जुंपून येईल. लेकरांच्या लसीचं काम आहे, कोण नाही म्हणणार?

निवृत्त_एलएचव्ही

बाई, लसीची काळजी करू नका. आइसपॅक नीट कंडिशन केलेले, म्हणजे थोडे सुटू दिलेले असतील, झाकण घट्ट असेल आणि उघडझाप केली नाही, तर सकाळी भरलेला डबा दुपारपर्यंत २ ते ८ अंशांत आरामात राहतो. पावसाळ्यात चूक होते ती उलटी. गाडी चुकेल म्हणून फ्रीजरमधले टणक पॅक तसेच भरतात, आणि त्याला टेकलेली पेंटाव्हॅलेंट लस गोठते. गोठली की ती बादच. पॅक कानाशी धरून हलवा, आत पाणी वाजलं की मगच भरा. गार हवेत पॅक सुटायला वेळ लागतो, म्हणून रोजच्यापेक्षा लवकर बाहेर काढून ठेवायला सांगा.

लसीकरणाचं सत्र झालं नाही तर न उघडलेल्या व्हायल (लसीच्या बाटल्या) त्याच दिवशी पीएचसीत परत. रपट्यावरूनच फोटो काढून एमओंना (मेडिकल ऑफिसरना) पाठवा, तारीख बदलून घ्या. आणि त्या आयांना समजावून सांगा की डोस काही दिवस पुढे गेला तरी आधीचे वाया जात नाहीत, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. हे न सांगितल्यानेच पुष्कळ जणी पुन्हा येत नाहीत.

वणाकाठ

रपट्याच्या नळ्या पाहिल्या का? आमच्याकडे दरवर्षी त्यात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या अडकतात, मग थोड्या पावसातही पाणी वरून जाते. मृगाच्या आधी ग्रामपंचायतीने जेसीबी लावून नळ्या मोकळ्या केल्या, तेव्हापासून पाणी लवकर उतरते. उंच पुलाचा ठराव ग्रामसभेत घ्याच, पण त्याला वर्षं लागतील. नळ्यांचं काम एका दिवसाचं आहे.

सिस्टर_समुद्रपूर

सगळ्यांचे आभार. गुरुवारी सत्र ठेवलं, एमओ सरांना कळवलं. आशाताईचे दीर बंडी आणतो म्हणाले, डबा मांडीवर घेऊन बसेन. डोस वाया जात नाही, हे ती आजच घरोघरी सांगून राहिली. पाणी उतरलं की नळ्यांचे फोटो काढते, अर्जाला जोडायला.