गायक ऐकू येत नाही? मग कान साफ करा

फीत_गुंडाळणारा
परवा इथे एकाने लिहिलं, 'नव्वदच्या उत्तरार्धातले ते इमो (म्हणजे पंकमधून निघालेलं भावनांचं रॉक) वाजवणारे अमेरिकन बँड विसरले गेले ते बरंच झालं. पोरांना गाता येत नव्हतं आणि रेकॉर्डिंग तर पत्र्याच्या डब्यात तोंड घालून केल्यासारखं.' दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

'द गेट अप किड्स' या बँडचा 'फोर मिनिट माइल', 1997. ड्रमर अजून शाळेत. शुक्रवारी त्याची शाळा सुटली की कॅन्सस सिटीहून गाडी हाणायची ती थेट शिकागो. तिथे बॉब वेस्टन या रेकॉर्डिंगवाल्याकडे शनिवार-रविवारात अल्बम उरकला. आवाज फाटणारच! आणि ब्रेड बँडचा (पाव नव्हे, इंग्रजीतला वेणीवाला) 'फ्रेम अँड कॅनव्हास', 1998? निर्माता जे. रॉबिन्सने इनर इअर स्टुडिओत पाच दिवसांत केलेला. त्यात ड्रमची एकेक थाप सुटी ऐकू येते. कुठला डबा?

मिनरल बँडच्या 'द पॉवर ऑफ फेलिंग'मध्ये गायक गिटारींच्या लोंढ्यात बुडतो, हे खरं. पण तो धडपडत वर येतो ना, त्यासाठीच तर ऐकायचं.

मूळ_दुखणं
तो 'एकाने' म्हणजे मी. नाव घ्यायला जीभ अडखळली का?

दोन दिवसांत केलं याचं कौतुक कशाला? पुतण्याच्या मुंजीचं शूटिंग आम्ही स्वस्तात आणि घाईत उरकलं. आता कोणाला दाखवायची सोय नाही. मिनरलनेच 1998 च्या 'एंडसेरेनेडिंग'मध्ये आवाज स्वच्छ केला. त्यांना कळलं, तुम्हाला का कळत नाही?

फीत_गुंडाळणारा
हो, स्वच्छ केला आणि त्याच सुमारास बँड फुटला. घ्या.

अर्बानाचा_भाडेकरू
थोडं अवांतर. 2005 ते 2007 एम.एस.साठी अमेरिकेत, इलिनॉयमधल्या अर्बानाला होतो. वेस्ट हाय स्ट्रीटवरून तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून जायचो. 2014 ला 'अमेरिकन फुटबॉल' बँडचा 1999 चा अल्बम पॉलिव्हिनाइल या रेकॉर्ड कंपनीने पुन्हा काढला, तेव्हा मुखपृष्ठावरचं घर आणि त्याची वरची खिडकी पाहून ट्यूब पेटली. अरे, हे तर आपल्या वाटेवरचं घर! दोन वर्षं समोरून गेलो आणि एकदाही मान वर केली नाही.

नदीकाठची
झालं, घर निघालं! या बँडचा विषय काढला की पाचव्या मिनिटाला ते घर येतंच. लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढायचे आणि वर त्याला तीर्थयात्रा म्हणायचं.

अर्बानाचा_भाडेकरू
ताई, मी फोटो काढलाच नाही, तेच तर दुःख आहे. आणि 2023 ला बँड, पॉलिव्हिनाइल आणि काही मित्रांनी मिळून ते विकत घेतलं. आता जाणारे त्यांच्याच दारात जातात.

मूळ_दुखणं
एका खिडकीसाठी घर विकत घेतात! सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा शेजारचे बघायलासुद्धा आले नाहीत. फ्लॅटचा ताबा मिळायला सात वर्षं लागली.

नदीकाठची
तुमच्या वाड्यात कोणी रेकॉर्ड काढली होती का?

मूळ_दुखणं
काका तबला वाजवायचे. आणि तुम्ही कोण हो विचारणाऱ्या? सात वर्षांत आई गेली. तिने नवं घर पाहिलं नाही.

नदीकाठची
माफ करा, ते माहीत नव्हतं. पण बिल्डरचा राग त्या पोरांवर काढू नका.

सहावी_तार
विषयावर या. 'अमेरिकन फुटबॉल'चं 'नेव्हर मेन्ट' वाजवायचं तर गिटार एफ-ए-सी-जी-सी-ई लावायची. सहावी तार अर्धा स्वर वर, चौथी पूर्ण स्वर खाली, दुसरी अर्धा वर. माझी गंजलेली दुसरी तार खुंटी पिळताना सटकन तुटली आणि गालावर बसली. वळ दोन दिवस होता, ऑफिसात 'मांजर' सांगितलं. तार बदलली, लावली आणि काहीही न दाबता नुसता हात फिरवला. मग कळलं, अर्धं गाणं त्या लावण्यातच आहे. 'द समर एंड्स'मध्ये त्यांचा ड्रमर लामोस ट्रम्पेट वाजवतो, तोही ऐका. हे काय न येणाऱ्यांचं काम आहे?

मूळ_दुखणं
ऐकलं. वाजवता येतं, मान्य. पण तिथे शब्दन्‌शब्द कळतो! म्हणजे मुद्दा माझाच.

फीत_गुंडाळणारा
अर्धा तुमचा. डेन्व्हरच्या क्रिस्टी फ्रंट ड्राइव्ह या बँडचे शब्द मलाही वीस वर्षांत लागलेले नाहीत. तरी ऐकतो, त्याला तुम्ही काय करणार?

मूळ_दुखणं
काही नाही. कानाच्या डॉक्टरचा नंबर देईन.

अर्बानाचा_भाडेकरू
वाड्याचा फोटो आहे का हो?

मूळ_दुखणं
वाड्याचा असा नाही. मोठ्या बहिणीच्या लग्नातला एक आहे. मागे वरच्या मजल्याची खिडकी आलीय, अर्धी.